नोंदवहीतली माणसे: डेव्हिड मॅलूफ यांच्या कादंबऱ्यांतील इतिहास, युद्ध आणि जाणतेपण

प्रास्ताविक

वडिलांच्या निधनानंतर एक मुलगा घरी परततो आणि त्यांच्या वस्तूंची आवराआवर करू लागतो. जुन्या कागदांत त्याला आपल्या शाळेचा एक अंक सापडतो. त्यात शाळेच्या जीवरक्षक पथकाचे छायाचित्र आहे. मुले रांगेत नीट बसली आहेत. त्यांच्यात एक मुलगा असा आहे की जो या पथकात कधीच नव्हता. छायाचित्र काढताना तो गुपचूप आत शिरला आणि कायमचा तिथे राहिला. पुढे हे छायाचित्र पाहणाऱ्या कोणालाही तो त्या पथकातलाच वाटेल. त्या मुलाचे नाव जॉनो.

ऑस्ट्रेलियन लेखक डेव्हिड मॅलूफ यांच्या पहिल्या कादंबरीची, 'जॉनो'ची (१९७५), सुरुवात अशी होते. हे चित्र लक्षात ठेवा, कारण पुढच्या कादंबऱ्यांत लेखकाला जो प्रश्न वारंवार छळतो तो इथे एका छायाचित्रात सामावलेला आहे. नोंदीत जे दिसते ते खरे असते का? आणि जे खरे होते ते नोंदीत येते का?

या पाठात आपण मॅलूफ यांच्या चार कादंबऱ्या पाहणार आहोत: 'जॉनो', 'फ्लाय अवे पीटर' (१९८२), 'द ग्रेट वर्ल्ड' (१९९०) आणि 'रिमेम्बरिंग बॅबिलॉन' (१९९३). भारतातील अनेक विद्यापीठांत उत्तरवसाहतवादी साहित्याच्या अभ्यासात ऑस्ट्रेलियन लेखन वाचले जाते. तेव्हा मॅलूफ यांच्याविषयी 'काव्यात्म शैली', 'युद्धविरोधी कादंबरी', 'अस्मितेचा शोध' असे शिक्के सहज मारले जातात. हे शिक्के चुकीचे नाहीत, पण त्यांनी फारसे काही कळत नाही. आपला मुद्दा जरा वेगळा आहे. मॅलूफ यांच्या पात्रांना जाणतेपण येते ते दुसऱ्या कोणाची तरी नोंद ठेवण्याची जबाबदारी अंगावर पडल्यामुळे. आणि अशी नोंद ठेवली की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: नोंदीतून वगळले कोणाला? पहिली गोष्ट मॅलूफ यांचे बळ आहे. दुसरीत त्यांची मर्यादाही दिसते. दोन्हींचा विचार करू.

लेखक आणि काळ

डेव्हिड मॅलूफ यांचा जन्म २० मार्च १९३४ रोजी ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातील ब्रिस्बेन शहरात झाला. वडिलांचे घराणे लेबनॉनमधून आलेले ख्रिस्ती, तर आईचे कुटुंब इंग्लंडमधून आलेले, पोर्तुगीज-ज्यू वंशाचे. शिक्षण ब्रिस्बेनमध्येच झाले. १९५९ नंतर काही वर्षे त्यांनी इंग्लंडमध्ये अध्यापन केले. १९६८ मध्ये परतून ते सिडनी विद्यापीठात शिकवू लागले आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस नोकरी सोडून पूर्णवेळ लेखनाकडे वळले. त्यांची पहिली ओळख कवी म्हणून झाली. 'द ग्रेट वर्ल्ड'ला १९९१ चा माइल्स फ्रँकलिन पुरस्कार मिळाला. 'रिमेम्बरिंग बॅबिलॉन' बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत होती आणि १९९६ मध्ये सुरू झालेल्या डब्लिन आंतरराष्ट्रीय साहित्य पुरस्काराची ती पहिली मानकरी ठरली.

या चरित्रातली एक गोष्ट आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपानच्या हाती पडले. चारच दिवसांनी जपानी विमानांनी उत्तर ऑस्ट्रेलियातील डार्विन बंदरावर बॉम्बफेक केली. मॅलूफ तेव्हा आठ वर्षांचेही नव्हते. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकन सेनापती डग्लस मॅकआर्थर यांचे मुख्यालय ब्रिस्बेनमध्ये आले आणि ते झोपाळू शहर परदेशी सैनिकांनी भरून गेले. आघाडीवर न जाता, घराच्या खिडकीतून आणि मोठ्यांच्या दबक्या बोलण्यातून युद्ध अनुभवणारी ही पिढी होती. मॅलूफ यांच्या लेखनात रणांगणापेक्षा रणांगणाच्या आधीची आणि नंतरची माणसे जास्त जागा व्यापतात, त्याचे एक मूळ इथे आहे.

आणखी एक पार्श्वभूमी लक्षात घ्या. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय स्मृतीत २५ एप्रिल १९१५ या दिवसाला विशेष स्थान आहे. त्या दिवशी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले. ही मोहीम अपयशी ठरली, पण 'अँझॅक' सैनिकाचे शौर्य, त्याची मैत्री आणि बेडर वृत्ती यांतून आपले राष्ट्र जन्मले अशी एक कथा देशात रुजली. पहिल्या महायुद्धाच्या वेळी ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या पन्नास लाखांहून कमी होती. त्यांतले चार लाखांहून अधिक लोक सैन्यात गेले आणि साठ हजारांच्या वर मेले. परदेशी लढण्यासाठीची सक्तीची भरती जनतेने १९१६ आणि १९१७ अशी दोनदा मतदानाने नाकारली होती, म्हणजे हे सैनिक स्वेच्छेने गेलेले होते. अशा समाजात युद्धाविषयी लिहायचे म्हणजे एका तयार पुराणकथेशी सामना करायचा असतो.

'जॉनो': मित्राची नोंद ठेवणारा

'जॉनो'चा निवेदक 'दांते' या टोपणनावाने ओळखला जातो. तो शिस्तीत वाढलेला, पुस्तकांत रमणारा मुलगा आहे. जॉनो याच्या अगदी उलट: वर्गात दंगा करणारा, दुकानांतून वस्तू लांबवणारा, ब्रिस्बेनचा मनापासून तिटकारा असलेला. युद्धकाळात दोघांची शाळा सुरू आहे. मोठे झाल्यावर जॉनो आफ्रिकेत जातो, युरोपात भटकतो. दांतेही काही काळ युरोपात राहतो. शेवटी दोघे त्याच शहरात परततात आणि जॉनो एका नदीत बुडून मरतो. अपघात की आत्महत्या, याचा उलगडा होत नाही. मृत्यूनंतर दांतेच्या हाती जॉनोचे पत्र पडते. त्यात दोषारोप आहे: मी तुझ्यावर इतके प्रेम केले, तुला ते कधी दिसलेच नाही.

घडणीच्या कादंबरीत साधारणपणे नायक जगात जातो, ठेचा खातो, शिकतो आणि समाजात आपली जागा मिळवतो. 'जॉनो'त ही चौकट दिसते, पण शिकण्याची गोष्ट उशिरा कळते. दांते वर्षानुवर्षे जॉनोकडे पाहत होता आणि तरीही त्याला तो दिसला नव्हता. कादंबरी लिहिणे हे त्याने उशिरा चुकवलेले ऋण आहे. पण ऋण चुकवतानाही त्याला खात्री नाही. आपण लिहिलेला जॉनो खरा की आपल्या सोयीचा? छायाचित्रात शिरलेल्या मुलाने नोंद खोटी केली होती. आता निवेदकही एक नोंद तयार करतो आहे आणि तीही पूर्ण खरी नाही, हे तो जाणून आहे. मॅलूफ यांच्या लेखनात 'मोठे होणे' म्हणजे ही जाणीव.

या कादंबरीत युद्ध पार्श्वभूमीलाच राहते. पुढच्या कादंबरीत ते थेट समोर येते.

'फ्लाय अवे पीटर': पक्ष्यांची वही आणि खंदक

ही कादंबरी आकाराने लहान आहे. तुम्ही मॅलूफ प्रथमच वाचत असाल तर हिच्यापासून सुरुवात करा. इंग्रजीत मुलांना शिकवले जाणारे एक बालगीत आहे. त्यात दोन लहान पक्षी उडून जातात आणि बोलावले की परत येतात. शीर्षक त्याच गाण्यातले. गाण्यातले दोन्ही पक्षी परततात, कादंबरीचा नायक मात्र परतत नाही. शीर्षकाचा हा चटका पुस्तक संपल्यावरच जाणवतो.

वीस वर्षांचा जिम सॅडलर क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळच्या दलदलीत पक्षी पाहत हिंडतो. तिथली जमीन ॲशली क्राउदर या तरुणाकडे वारशाने आली आहे. इंग्लंडमध्ये शिकून परतलेल्या ॲशलीला जिमचे ज्ञान पाहून वाटते की या माणसाचा या जमिनीवर आपल्याइतकाच, किंबहुना जास्त हक्क आहे. तो त्याला पक्ष्यांची नोंद ठेवण्याच्या कामावर नेमतो. जिम रोज जे दिसेल ते टिपतो आणि एका मोठ्या वहीत सुंदर, वळणदार अक्षरात उतरवून काढतो. इमोजेन हारकोर्ट ही इंग्लंडहून आलेली मध्यमवयीन बाई त्याच पक्ष्यांची छायाचित्रे घेते. मालक, नोकर आणि एकटी राहणारी बाई यांच्यात पक्ष्यांमुळे एक शांत मैत्री जुळते.

या भागातला एक छोटा प्रसंग नीट वाचा. जिमला एक अनोळखी पक्षी दिसतो. इमोजेन तो पटकन ओळखते: डनलिन. इंग्लंडच्या किनाऱ्यांवर हा पक्षी अगदी सामान्य, कोणी वळूनही पाहत नाही. इथे मात्र तो दिसणे ही मोठी घटना आहे. 'सामान्य' आणि 'दुर्मीळ' हे शब्द आपण कुठे उभे आहोत यावर ठरतात. वसाहतीत वाढलेल्या वाचकाला हा मुद्दा जास्त समजावून सांगावा लागत नाही. जगाचा मध्य तिकडे आणि आपण कडेला, हे लहानपणापासून शिकवलेले असते. मॅलूफ हे चित्र उलटवतात. पृथ्वीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणाऱ्या पक्ष्याला मध्य आणि कड असे काही नसते.

मग युद्ध सुरू होते. जिमला जावेसे वाटते याला मोठे वैचारिक कारण नाही. आपल्या पायाखालची जमीन कलली आहे आणि सगळेच एका बाजूला घसरत आहेत, अशी त्याची भावना होते. इतिहास त्याच्यापर्यंत घोषणेच्या रूपात न येता अशा घसरणीच्या रूपात येतो. तो फ्रान्समध्ये आर्मांतियेर भागात पोहोचतो. (याच परिसरातील न्यूव्ह शापेल येथे मार्च १९१५ मध्ये भारतीय सैनिकही लढले होते. तिथे त्यांचे स्मारक आहे.)

युद्धाच्या भागात मॅलूफ लढाईची भव्य वर्णने टाळतात. जिमचा मित्र क्लॅन्सी मरतो तो हल्ल्यात नव्हे, आघाडीच्या मागे, निवांत क्षणी पडलेल्या तोफगोळ्याने. मित्राचे रक्त जिमच्या सर्वांगावर उडते. एरिक नावाच्या पोराचे दोन्ही पाय जातात. जिम त्याला रुग्णालयात भेटायला जातो तेव्हा एरिकला एकच काळजी आहे. तो अनाथ आहे. सैन्यातून सुटल्यावर आपल्याला सांभाळणार कोण? जिमकडे उत्तर नाही. शौर्याच्या कोणत्याही कथेत या प्रश्नाला जागा नसते. या कादंबरीतले माझ्या मते सर्वांत कठोर पान हेच आहे, आणि त्यात एकही गोळी सुटत नाही.

खंदक खोदताना सैनिकांना एका मॅमथचे अवशेष सापडतात. हजारो वर्षांपूर्वीचा काळ आणि कालचे प्रेत एकाच मातीत. एका उद्ध्वस्त जंगलात एक म्हातारा जमीन खणताना दिसतो. सैनिकांना वाटते तो थडगे खणतो आहे, पण तो लागवडीची तयारी करत असतो. खणणे ही एकच क्रिया इथे तीन अर्थांनी येते: लपण्यासाठी, पुरण्यासाठी आणि पेरण्यासाठी. ऑस्ट्रेलियन सैनिकाला प्रेमाने 'डिगर', म्हणजे खणणारा, म्हणतात. मॅलूफ या शब्दातला अभिमान काढून घेतात आणि त्याचा मूळ, मातीतला अर्थ परत देतात. मरणाच्या उंबरठ्यावर जिमलाही आपण इतरांबरोबर माती खणतो आहोत असा भास होतो, जणू पृथ्वीच्या आरपार, घराच्या दिशेने.

जिमची नोंदवही आता पुन्हा आठवा. खंदकांतही तो पक्षी पाहणे सोडत नाही. तोफा धडधडत असताना पक्षी आपल्या ठरलेल्या ऋतूत येतात आणि जातात. अशा वेळी पक्ष्याचे नाव टिपणे हा पलायनवाद आहे का? परीक्षेत हा प्रश्न हमखास विचारावा असा आहे. माझे उत्तर 'नाही' असे आहे. युद्धात माणसाची संख्या होते. 'इतके गेले, इतके राहिले' एवढेच उरते. पक्ष्यांची वही याच्या उलट काम करते. तिच्यात प्रत्येक पक्षी, प्रत्येक दिवस वेगळा लिहिला जातो. शेवटच्या प्रकरणात किनाऱ्यावर बसलेली इमोजेन जिमसाठी शोक करते, तेव्हा तिला हेच कळते. एक माणूस होता, त्याच्यासारखा दुसरा होणार नाही, आणि तो होता यासाठी दुसरे कारण देण्याची गरज नाही. मग तिला लाटेवर उभा राहून फळीवरून येणारा एक तरुण दिसतो. तिने असे कधी पाहिलेले नसते. कादंबरी सांत्वन करत नाही. तिथे फक्त आणखी एक नोंद होते.

'द ग्रेट वर्ल्ड': स्मरणातला हजेरीपट

पहिल्या महायुद्धाच्या कथेत नोंद वहीत होती. 'द ग्रेट वर्ल्ड'मध्ये ती माणसाच्या डोक्यात आहे. डिगर कीन याची स्मरणशक्ती विलक्षण आहे. तो सिडनीजवळच्या हॉक्सबरी नदीकाठचा. व्हिक कुरन लहानपणी आईबापांविना झालेला, एका सुखवस्तू कुटुंबाने वाढवलेला, महत्त्वाकांक्षी मुलगा. दोघे सिंगापूरच्या पाडावानंतर जपान्यांचे युद्धकैदी होतात आणि थायलंड-बर्मा रेल्वेच्या कामावर पाठवले जातात.

दोघे मित्र कसे होतात, हे पाहण्यासारखे आहे. त्यांना एकमेकांविषयी मुळात ओढ नाही. व्हिकच्या एका कृतीतून उद्भवलेल्या गोंधळात त्यांचा मित्र मॅक मारला जातो, आणि डिगरला त्याला माफ करणे जड जाते. पण पुढे डिगरच्या पायाची जखम सडू लागते तेव्हा व्हिक त्याला नदीत नेऊन उभे करतो. लहान मासे सडलेले मांस खातात आणि पाय वाचतो. अँझॅक कथेतली मैत्री सहज, हसतखेळत जुळणारी असते. इथली मैत्री अपराध, घृणा आणि उपकार यांची मिळून बनते. दोघांनाही आयुष्यभर ती तोडता येत नाही. युद्धानंतर व्हिक यशस्वी उद्योजक होतो, डिगर नदीकाठच्या दुकानात परततो. कथा १९८७ च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यापर्यंत येते.

युद्ध डिगरच्या डोक्यात संपत नाही. आपल्या तुकडीतल्या माणसांची नावे, कोण कुठे गेला, कोण कसा मेला, हे सगळे त्याने साठवून ठेवले आहे. कागदावर काही नाही. तो जिवंत आहे तोवर हजेरीपट जिवंत आहे. इतिहासाच्या ग्रंथात पराभव आणि कैद यांना मोजकी पाने मिळतात. गॅलिपोलीसारखा तिथे गौरव नाही. मॅलूफ यांचे म्हणणे असे दिसते की राष्ट्राची खरी स्मृती स्मारकांपेक्षा अशा शांत, न बोलणाऱ्या माणसांकडे असते.

इथे भारतीय वाचकाने थोडे थांबायला हवे. ही रेल्वे सुमारे ४१५ किलोमीटर लांबीची होती आणि ती १९४२-४३ मध्ये बांधली गेली. तिच्यावर राबलेल्या मित्रराष्ट्रांच्या सुमारे साठ हजार युद्धकैद्यांपैकी बारा हजारांहून अधिक मेले. त्यांत सुमारे २८०० ऑस्ट्रेलियन होते. पण त्याच कामावर बर्मी, मलय, जावानीज मजूर आणि मलायातील रबराच्या मळ्यांतले हजारो तमिळ मजूरही होते. आशियाई मजुरांतील मृत्यू युद्धकैद्यांच्या कितीतरी पट होते. थायलंडमधील कांचनाबुरीच्या युद्ध दफनभूमीत सैनिकांच्या थडग्यांवर नावे कोरलेली आहेत. मेलेल्या बहुतेक तमिळ मजुरांची नावे कुठेच कोरलेली नाहीत. डिगरच्या हजेरीपटातही ती नाहीत, कारण तो त्याच्या तुकडीचा हजेरीपट आहे. यात डिगरचा दोष नाही. कोणतीही स्मृती कुठेतरी सुरू होते आणि कुठेतरी थांबते. ती कुठे थांबते हे पाहणे मात्र वाचकाचे काम आहे.

'रिमेम्बरिंग बॅबिलॉन': ज्याची नोंद होते त्याचे काय?

आतापर्यंत आपण नोंद ठेवणाऱ्यांच्या बाजूने पाहिले. या कादंबरीत मॅलूफ बाजू बदलतात. काळ १९ व्या शतकाच्या मध्याचा, स्थळ क्वीन्सलँडमधील गोऱ्या वसाहतकऱ्यांची एक नवी, भेदरलेली वस्ती. तीन मुले, लाचलन बीटी आणि त्याच्या नात्यातल्या बहिणी जॅनेट व मेग, खेळत असताना दलदलीच्या बाजूने एक विचित्र आकृती येते. लाचलन हातातली काठी बंदुकीसारखी रोखतो. तो माणूस कुंपणावर चढून तोल सांभाळत अडखळत ओरडतो की मला मारू नका. आपण ब्रिटिश प्रजाजन आहोत असे त्याला सांगायचे असते. पण विसरत चाललेल्या भाषेत शब्द घसरतो आणि 'प्रजाजन'च्या जागी 'वस्तू' असा अर्थ होतो. ही चूक पुढे खरीच ठरते. वस्तीसाठी तो माणूस न राहता वस्तूच बनतो.

हा गेमी फेअरली. लहानपणी जहाजावरून समुद्रात टाकला गेलेला आणि सोळा वर्षे आदिवासींबरोबर राहिलेला इंग्रज मुलगा. १८४६ मध्ये जहाज फुटून आदिवासींत सतरा वर्षे राहिलेल्या जेम्स मॉरिल या खऱ्या माणसाच्या कथेवरून मॅलूफ यांना हे पात्र सुचले. गेमी कुंपणावर आहे, म्हणजे दोन जगांच्या सीमेवर. वस्तीतल्या लोकांना त्याची भीती वाटते, कारण तो त्यांना दाखवून देतो की गोरेपणा ही कायमची गोष्ट नाही. ती गमावता येते.

वस्तीतला शाळामास्तर गेमीची हकिकत लिहून घेतो. लिहिताना त्यात स्वतःची भर घालतो. धर्मगुरू फ्रेझर गेमीबरोबर हिंडून खाण्याजोग्या वनस्पतींची टिपणे काढतो. त्याला उमगते की ही भूमी उपाशी नाही, आपल्यालाच इथे जेवायचे कसे ते माहीत नाही. पण सरकारदरबारी त्या टिपणांना कोणी विचारत नाही. गेमीला मात्र वाटू लागते की आपले आयुष्य त्या कागदांत अडकले आहे. ते परत घेण्यासाठी तो मास्तराकडे जातो. मास्तर त्याच्या हातात भलतेच कागद देतो, मुलांच्या अभ्यासाचे. गेमी ते घेऊन निघून जातो आणि पावसात ती शाई विरघळते. जिमच्या वहीने पक्ष्यांना जपले होते. इथे वही माणसाला गिळते.

शेवटच्या भागात लाचलन आणि जॅनेट म्हातारे आहेत आणि पहिले महायुद्ध सुरू आहे. लाचलन गेमीचा माग काढत एका जागी पोहोचतो. तिथे काही आदिवासींना मारले गेले होते, पण संख्या इतकी थोडी की कोणी त्याला कत्तलही म्हटले नाही. क्वीन्सलँडमध्ये अशा हत्यांना सरकारी कागदांत 'पांगवणे' असा सौम्य शब्द वापरला जाई. कदाचित गेमी त्यांतच संपला असेल. लाचलन ते मान्य करून टाकतो, कारण शोध कुठेतरी थांबवायला हवा. लहानपणी रोखलेली काठी आणि नंतरच्या खऱ्या बंदुका यांच्यामधले अंतर त्याला आयुष्य गेल्यावर कळते. हेही जाणतेपणच, पण कडू.

मर्यादा

ही कादंबरी आली त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून १९९२ रोजी, ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने माबो खटल्यात ऐतिहासिक निकाल दिला. गोरे आले तेव्हा ही भूमी कोणाचीच नव्हती, हे गृहीतक न्यायालयाने फेटाळले. त्या वातावरणात 'रिमेम्बरिंग बॅबिलॉन'चे स्वागत झाले तसेच तिच्यावर आक्षेपही आले. आदिवासींच्या जगाची कथा सांगायला इथे एक गोरा माणूस लागतो. आदिवासी स्वतः फारसे बोलत नाहीत. ते जंगलाच्या कडेला दिसतात आणि नाहीसे होतात. त्यांच्यातल्या कोणाची व्यक्तिरेखा गेमीइतकी उभी राहत नाही.

याला एक बचाव दिला जातो: दुसऱ्याच्या जाणिवेत शिरण्याचा हक्क आपल्याला नाही, म्हणून लेखकाने तिथे मौन पाळले. हा बचाव मला अर्धाच पटतो. मौन आदराचे असू शकते, पण वाचकाच्या हाती शेवटी जे येते ते पुन्हा एक रिकामे पान असते. 'द ग्रेट वर्ल्ड'मधल्या रेल्वेविषयी आपण जे म्हटले तेच इथे लागू पडते. ज्या लेखकाने आपल्याला प्रत्येक नावाची किंमत शिकवली, त्याच्याच पुस्तकात काही माणसे निनावी राहतात. म्हणून मॅलूफ टाकून द्यायचे का? मुळीच नाही. हा आक्षेप घेण्याची दृष्टी त्यांच्याच लेखनाने आपल्याला दिली आहे. मात्र त्यांच्या शेजारी दुसरी पुस्तके ठेवली पाहिजेत. नूंगार समाजातील लेखक किम स्कॉट यांची 'दॅट डेडमन डान्स' (२०१०) ही कादंबरी अशाच पहिल्या भेटींची कथा आहे, पण तिच्या केंद्रस्थानी बॉबी हा नूंगार मुलगा आहे. दोन्ही पुस्तके एकापाठोपाठ वाचली की कुंपणाच्या दोन्ही बाजू दिसतात.

समारोप

चारही कादंबऱ्यांत एक जण जातो आणि दुसरा मागे राहतो. जॉनो जातो, दांते राहतो. जिम जातो, इमोजेन राहते. तुकडीतले सोबती जातात, डिगर राहतो. गेमी जातो, लाचलन आणि जॅनेट राहतात. मागे राहिलेल्याला जाणतेपण येते ते गेलेल्याला आठवण्यातून. ही आठवण अपुरी असते, कधी चुकीची असते, पण ती टाळता येत नाही. युद्ध आणि इतिहास माणसांना आकड्यांत बदलतात. मॅलूफ त्यांना पुन्हा एकेकटे करतात.

उत्तर लिहिताना 'मॅलूफ युद्धाला विरोध करतात' या वाक्यावर थांबू नका. कोणत्या पानावर, कोणाच्या नावाने आणि कोणाला वगळून ते विरोध करतात, हे दाखवा. आपल्या घरात, गावात कोणी युद्धावर किंवा दूरच्या मळ्यांवर, रेल्वेच्या कामांवर गेले असेल, तर त्यांची नावे कोणाला पाठ आहेत, हेही एकदा विचारून पाहा. ती पाठ असलेला माणूस फार काळ असेलच असे नाही.

विचारासाठी प्रश्न

१. 'जॉनो'तील छायाचित्र आणि 'फ्लाय अवे पीटर'मधील पक्ष्यांची वही या दोन नोंदींत काय फरक आहे? कोणती नोंद अधिक विश्वासार्ह वाटते आणि का?

२. 'डिगर' या शब्दाचा राष्ट्रीय अर्थ आणि मॅलूफ यांनी त्याला दिलेला अर्थ यांची तुलना करा. 'फ्लाय अवे पीटर'मधील खणण्याच्या किमान दोन प्रसंगांचा आधार घ्या.

३. गेमीची हकिकत लिहिणारा शाळामास्तर आणि जॉनोची कथा लिहिणारा दांते यांच्यात नैतिकदृष्ट्या कोणता फरक आहे, असे तुम्हाला वाटते?

४. विश्राम बेडेकर यांच्या 'रणांगण' (१९३९) या मराठी कादंबरीच्या नावात युद्धभूमी आहे, पण कथा मुख्यतः एका बोटीवर घडते. लढाई न दाखवता युद्ध दाखवण्याची ही रीत 'फ्लाय अवे पीटर'च्या रीतीशी कुठे जुळते आणि कुठे वेगळी होते?

५. 'रिमेम्बरिंग बॅबिलॉन'मधील आदिवासींचे मौन हा आदर आहे की उणीव? आपल्या मताच्या बाजूने आणि विरुद्ध प्रत्येकी एक मुद्दा मांडा.